पुलीमागची गळती

ट्रकच्या इंजिनाला पुढून तेल गळायला लागलं की मालक आधी माझ्याकडे येत नाही. आधी तो चिंधी बांधतो, मग साबण चोपडतो, मग कुणा शहाण्याच्या सांगण्यावरून जाड तेल ओततो. सगळं माखून झालं की साकोलीला माझ्या गॅरेजसमोर येऊन हॉर्न वाजवत बसतो. दोष बहुतेक एकच असतो. क्रँकशाफ्टचं टोक इंजिनाबाहेर डोकावतं, तिथे मोठ्या पुलीच्या मागे बांगडीसारखं रबरी सील असतं. ते झिजतं. बदललं की गळती थांबते. यात गूढ काही नाही, आणि गूढ शोधणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो.

म्हणून रिताचा फोन आला तेव्हा मी तिच्यावरच खेकसलो. रिता माझी धाकटी बहीण, सानगडीला दिलेली. तिच्या नवऱ्याने, कुंदनने, गेल्या वर्षी बैलजोडी विकून जुना सहाचाकी ट्रक घेतला होता. पोळा होऊन थोडेच दिवस झाले होते. ती म्हणाली, "दादा, तू ये अन् ते गळणं बंद कर. नाही तर हे कोणाचं तरी डोकं फोडतीन."

गेलो तर कुंदन अंगणात काठी घेऊन उभा, आणि कुंपणापलीकडून शेजारचा धनीराम आईमाई काढत होता. कुंदनचं म्हणणं असं की धनीराम रोज त्याच्या दारापर्यंत जळकं तेल सांडत येतो. करणी करतो. मी म्हणालो, आधी मला दाखवा, मग एकमेकांचे जीव घ्या.

ट्रक रस्त्यापलीकडे बोडीच्या, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याच्या, पाळीवर उभा होता. बोडी काठोकाठ भरलेली, मागे हिरवा धान. ट्रकच्या जाळीखालून थेंब सुरू होत होते, काळे, रुपयाएवढे. रस्ता ओलांडून ते फाटकातून आत आले होते, तुळशीला वळसा घालून घरापुढच्या सपरीच्या पायरीवर थांबले होते. सपरीत कुंदनची खाट होती. रिताने हळू आवाजात सांगितलं की आधी ते फक्त रस्त्यापर्यंत होते, मग फाटकापर्यंत आले, काल तुळशीपर्यंत. आज पायरी. पुढे काय ते तिने सांगितलं नाही, पण ती खाटेकडे बघत होती, आणि तिच्या ओठांना रंग नव्हता.

मी चाकं बघितली. चाकांखाली लावलेले दगड चिखलात रुतून बसले होते, टायरमागचं गवत ताठ उभं होतं. ट्रक जागचा हललेला नव्हता. म्हणजे कुणीतरी डबा घेऊन फिरतोय, हे उघड होतं. मी धनीरामवर डोळे वटारणार तेवढ्यात माझं लक्ष अंगणाकडे गेलं. चिखल कणकेसारखा मऊ होता, माझे पाय चपलांसकट घोट्यापर्यंत रुतले होते. थेंबांच्या दोन्ही बाजूंना मात्र माणसाचं पाऊल नव्हतं, कुत्र्याचं नव्हतं, कोंबडीचंही नव्हतं. हे मी बोलून दाखवलं तर कुंदन माझ्यावरच धावून आला. म्हणाला, तुम्ही त्याच्याकडून बोलून राहिले काय? धनीराम हसला. बरं हसणं नव्हतं ते.

दारात कुंदनची आई आनंदाबाई बसली होती. तिने मला जवळ बोलावून सांगितलं ते ऐकून माझं टाळकंच सरकलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोण्या-हळदीने शेकतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. यंदा घरात बैल नाहीत, म्हणून म्हातारीने पळसाच्या पानाने ट्रकच्या बंपरला लोणी-हळद लावली आणि रीतीप्रमाणे म्हणाली, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी पोळा. त्या दिवशी कुणी जनावराच्या मानेवर जू ठेवत नाही. कुंदन मात्र पहाटेच तांदळाची पोती भरून रायपूरला निघून गेला. तो परतल्यावर म्हातारीने पुरणपोळीचं ताट बंपरसमोर ठेवलं. ते तसंच पडून राहिलं. कावळासुद्धा त्याच्याकडे फिरकला नाही.

"बोलावलं मीच," ती म्हणाली. "आता दारातून जा कसं म्हणू?"

मी म्हणालो, मावशी, लोखंडाला पोट नसतं. आणि कुंदनला म्हणालो, तुमची एवढी फाटली असेल तर खाट आत घ्या. तो म्हणाला, माझ्या घरात मी कुठं झोपायचं ते ट्रक ठरवणार काय? बायकोच्या भावापुढे त्याला मान खाली घालायची नव्हती. मीही जावई म्हणून त्याला सोडणारा नव्हतो.

कामाला लागलो. बॅटरीची वायर काढली, गिअर टाकून ठेवला, किल्ली माझ्या खिशात. रेडिएटर उतरवला, पंखा आणि पट्टा काढला. पुलीचा बोल्ट पान्याला लांब पाइप लावून सोडवला. पुलर लावल्यावर पुली किंचाळत बाहेर आली. जुनं सील स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं. त्याची कड कडक होऊन चिरली होती. मला बरं वाटलं. म्हणजे गळतीला कारण होतं.

शाफ्टवर खाच पडली आहे का ते बघायला मी टोक पुसून अंगठा फिरवला.

शाफ्ट कोमट होता. ट्रक कालपासून बंद, रात्रभर पावसात. ऊन लागलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. आभाळ भरलेलं होतं.

मग तो फिरला. थोडासाच. माशी बसली की गाय कातडी थरथरवते तेवढा.

अंगठा आत चिमटला, नख उलटलं. मी इंजिनाची आई-बहीण काढली. मागे वळून बघितलं तर कुंदन दूर फाटकाशी उभा होता, वायर सुटलेली होती, ट्रकमध्ये कुणी नव्हतं. गिअरमध्ये कुठे ढिलाई असेल, असं मी मोठ्याने म्हणालो. कुणी विचारलं नव्हतं.

रक्ताने हात चिकट झाले होते तरी नवं सील नीट बसवलं. कडेला ग्रीस, चहूबाजूंनी सारखं ठोकून. सगळं जोडून इंजिन चालू केलं. थेंब नाही. खाली पुठ्ठा अंथरून घरी आलो. सकाळी रिताने फोटो पाठवला. पुठ्ठा कोरडा, अंगणात थेंब नाही, पायरी स्वच्छ. तो फोटो मी गॅरेजमध्ये येईल त्याला दाखवला. बघा म्हणालो, करणी अशी उतरवतात.

गणपती उठल्यावर एका दुपारी कुंदन एकटाच मोटारसायकलवर आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. चहा घेतला नाही. उभ्यानेच म्हणाला, "भाऊ, ते सील फोडून द्या."

मी विचारलं, काहून?

"गळू द्या त्याले. थेंब होते तवा कुठवर आला ते तरी समजत होतं."

मग त्याने सांगितलं की तो आता आतल्या खोलीत झोपतो. खाटेमागची भिंत पहाटे गरम लागते. आणि झोप फार लागायला लागली आहे, रिताने गदागदा हलवल्याशिवाय उठवत नाही. त्याने माझे पाय धरायला हात खाली नेला. हा तोच माणूस, जो माझ्यापुढे मान झुकवायला तयार नव्हता.

मी घाबरलो. आणि मी घाबरलो की ओरडतो. चांगलं सील फोडायला मी काय येडा हाय काय, डॉक्टरला दाखवा, निघा इथून, असं सगळ्या गॅरेजसमोर बोललो. तो गेला. रात्रभर माझा डोळा लागला नाही. सकाळी जाऊन सील फाडून टाकायचं ठरवलं, आणि हत्यारं पिशवीत भरत होतो तेवढ्यात रिताचा फोन आला.

आवाज खूश होता. "दादा, थेंब नाही की काही नाही. लय दिवसांनी हे निवांत झोपले. अजून उठले नाही."

मी विचारलं, ट्रक कोणी चालू केला?

"ट्रक तर बंद हाय. पाळीवर उभा हाय. काहून?"

मला फोनमध्ये मागे इंजिनाचा आवाज येत होता. ती हसली, म्हणाली, ते हे घोरून राहिले, ऐक. आणि तिने फोन त्याच्या तोंडाजवळ नेला.

मी ऐकलं.

"रिता," मी म्हणालो, "त्यायले उठवू नको. सासूले घे अन् बाहेर निघ."

तिला ते ऐकू गेलं नाही. फोन अजून तिथेच धरलेला होता. "अहो," ती त्याला हाक मारत होती, "उठा ना, दादाचा फोन हाय."

कुणी ॲक्सिलरेटर हलकेच दाबावा तसा पलीकडचा आवाज चढला.