तीस मीटरांचं घर

काचेच्या बशीत तांदळाच्या कणीएवढा एक फिकट पिवळा कण होता. डॉ. फिरोज काझींनी शेजारचं काळं यंत्र सुरू केलं. पडद्यावरची सपाट रेघ हळूहळू वर चढू लागली.

"कणाची छिद्रं उघडली. औषध झिरपायला लागलं," ते म्हणाले. यंत्र बंद करताच रेघ पुन्हा सपाट झाली. "आणि मिटली."

डॉ. हेमांगी केळापुरे वाकून पाहत होत्या. हा 'औषधकण' दंडाच्या कातडीखाली बसवला की दोन वर्षं पुरणार होता. मात्र त्या काळ्या यंत्रातून, म्हणजे 'स्पंदका'तून, निघणाऱ्या मंद चुंबकीय स्पंदनांखेरीज तो उघडणार नव्हता. स्पंदकाचा पल्ला होता तीस मीटर. पल्ल्याबाहेर गेलेल्या माणसाच्या रक्तात औषध चार दिवस टिकायचं, मग ओसरायचं.

"हेमांगी, एक विचारू?" फिरोज म्हणाले. "आपोआप झिरपणारा कणही मी करू शकतो. तो याहून सोपा आहे. माणूस कुठेही गेला तरी औषध चालू राहील. तुला हा स्पंदक हवाच कशाला?"

"घरासाठी."

"म्हणजे?"

"अकरा वर्षं मी मनोरुग्णांच्या वॉर्डात काढली, फिरोज. रस्त्यावरून आणलेला माणूस दोन महिन्यांत बरा होतो. घरी सोडायच्या कागदावर पत्त्याची ओळ असते. तिथे काय लिहायचं? तो पुन्हा फुटपाथवर जातो, गोळ्या हरवतात, तीन महिन्यांत परत येतो. त्याला आधी दार हवं, कडी हवी, शेजारी हवा. पण औषध असं सुटं दिलं, तर उद्या कुणीही म्हणेल, टोचा आणि सोडून द्या, खोली कशाला? स्पंदक भिंतीत बसवला की औषध द्यायचं तर खोली द्यावीच लागेल."

फिरोजनी बशीतला कण चिमट्याने उचलला. मग म्हणाले, "तू माणसाला भिंतीशी बांधतेयस."

"घराशी," हेमांगी म्हणाल्या.

मान्यतेच्या अर्जात कारण वेगळं लिहिलं गेलं. मात्रेवर नियंत्रण राहतं, दुष्परिणाम दिसला तर औषध लगेच थांबवता येतं. तेही खोटं नव्हतं.

'पडवी निवास' ही चौसष्ट खोल्यांची तीनमजली इमारत त्याच वर्षी उघडली. बेघर, मनोरुग्ण आणि जोडीला जुनाट दुखणी असलेली माणसं तिथे राहायला आली. मनोहर डोंगरवार हा त्यांतला एक. वय चोपन्न. भंडाऱ्याकडे दुकानांच्या पाट्या रंगवायचा. बसस्थानकामागे सापडला तेव्हा मधुमेहाने डाव्या पायाला जखम झाली होती आणि तो डोक्यातल्या एका मुकादमाशी भांडत होता. हा मुकादम त्याला नऊ वर्षं दिवसभर हाका मारत होता. कधी चालायला लावायचा, कधी जेवण फेकून द्यायला.

कण बसवल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात हेमांगींनी विचारलं, "मुकादम काय म्हणतो?"

"हळू बोलते आता. भिंतीपलीकडून बोलल्यावानी." मनोहर थांबला. "मॅडम, या खोलीची किल्ली खरंच माह्याजवळच राहीन?"

"तुमच्याकडेच."

दीड महिन्यात मुकादम गप्प झाला. पायाची जखम भरली. मनोहर तळमजल्यावरच्या फ्रिजमधली इन्सुलिनची बाटली काढून स्वतःच सुई घेऊ लागला. मग त्याने रंग मागितला आणि चौसष्ट दारांवर चौसष्ट नावं रंगवली. समोरच्या खोलीतल्या कुसुमबाई वीस वर्षं स्वतःचं नाव सांगत नव्हत्या; ते जुन्या केसपेपरवर सापडलं होतं. दारावरची अक्षरं त्यांनी बोटाने गिरवली आणि म्हणाल्या, "'सु'ले पहिला उकार हाय, दुसरा नाही." मनोहरने तिथल्या तिथे दुरुस्ती करून दिली.

दोन वर्षांचा अहवाल आला. चौसष्टांपैकी एकोणसाठ जण पूर्णपणे स्थिर. असं यश हेमांगींनी कुठल्याच संशोधनात पाहिलं नव्हतं.

अहवाल वाचून गेडाम आले. शहराच्या निवारा विभागाचे ते प्रमुख होते. त्यांनी प्रत्येक मजला पाहिला, कुसुमबाईंच्या हातचा चहा घेतला आणि मग ऑफिसात बसून शांतपणे विचारलं, "डॉक्टर, मला यातलं फार कळत नाही. माणसं खोलीमुळे बरी झाली की औषधामुळे?"

"दोन्हींमुळे."

"दोन्ही वेगळं करून पाहिलंय?"

"नाही."

"स्पंदकाला भिंत लागते?"

हेमांगींना खोटं बोलता आलं असतं, पण अहवालाच्या परिशिष्टात सगळं छापलेलं होतं. "नाही," त्या म्हणाल्या. "वीज लागते."

"माझ्या यादीत रस्त्यावरची अकराशे माणसं आहेत," गेडाम म्हणाले. त्यांच्या आवाजात कावेबाजपणा नव्हता. थकवा होता. "तुम्ही चौसष्ट जणांना बरं करता, उरलेल्यांना मी काय सांगू? या एका इमारतीतल्या स्पंदकांत शहरातले सगळे उड्डाणपूल भागतात. माणसं तिथेच तर राहतात."

"तिथे ती राहत नाहीत, गेडाम साहेब. पडून असतात."

"बरी होऊन पडलेली बरी नव्हेत का?"

या प्रश्नाला हेमांगींनी चौदा पानी उत्तर लिहिलं, तीन बैठकांत ते वाचून दाखवलं. सहा महिन्यांत शहरातल्या चाळीस खांबांवर काळी यंत्रं बसली, अकराशे दंडांत कण गेले आणि पडवी निवासाची इमारत दुसऱ्या खात्याला मिळाली; तिथल्या चौसष्ट जणांना नवे कण बसवून पुलांखाली सोडलं. दारांवरून पांढरा रंग फिरला.

हेमांगी फिरोजकडे धावल्या. "तो दुसरा कण. आपोआप झिरपणारा."

"करतो की. पण नवा कण म्हणजे नव्या चाचण्या, नवी मान्यता. सहा वर्षं." फिरोज त्यांच्याकडे न पाहता म्हणाले, "तेव्हाच केला असता तर आज प्रत्येकाच्या दंडात असता."

नव्या योजनेत हेमांगींना देखरेख अधिकारी नेमलं होतं. त्यांनी नेमणूक नाकारली नाही, कारण नाकारली असती तर त्या माणसांना भेटणंही बंद झालं असतं. मे महिन्यातल्या एका दुपारी त्या उड्डाणपुलाखाली पोचल्या. खांबाभोवती पोती आणि पुठ्ठे अंथरून माणसं बसली होती. वर गाड्या धडधडत होत्या. पूर्वी इथे आरडाओरडा असायचा, कुणी हसत असायचं, कुणी हवेत हात उडवायचं. आज सगळे गप्प होते आणि रस्त्याने जाणाऱ्यांकडे बघत होते. कुणाची नजर वळली की मान खाली घालत होते.

मनोहर उठून उभा राहिला. "बसा मॅडम. पुठ्ठा साफ हाय."

त्याचा पाय पुन्हा काळा पडला होता. इन्सुलिन तो माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवत होता. बेचाळीस अंशांत ते कधीच निकामी झालं असणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"दवाखान्यात चला," हेमांगी म्हणाल्या.

"जाऊन आलो. पट्टी करून दिली. पुन्हा इथंच." तो दंडावर हात फिरवत म्हणाला, "मॅडम, हे काढून द्या."

"मनोहर..."

"मी दोनदा गेलो इथून. पहिल्यांदा गावाकडे निघालो होतो. चार-पाच दिवसांनी मुकादम आला, मग मले काही समजलं नाही. किती हप्ते गेले ठाऊक नाही; एक दिवस डोळे उघडले तं स्टेशनाजवळच्या पुलाखाली. त्या खांबालेही हे यंत्र हाय. कपडे घाण झाले होते, हाताले कोणाचे तरी दात लागले होते. बायकापोरं नाकाले पदर लावून चालली होती आन् मले सगळं समजत होतं. दुसऱ्यांदाही तसंच, दुसऱ्या पुलाखाली. मी कुठीही भटकलो तरी कोणता ना कोणता खांब मले जागा करते. दर खेपेले नवीन वाटते मॅडम. जुनं होतच नाही."

"माझ्या घरी चला. मी तिथे स्पंदक बसवते."

त्याने त्या बोलण्याचा खरोखर विचार केला. मग विचारलं, "किती दिवस?"

हेमांगी सरकारी निवासस्थानात राहत होत्या. पुढच्या वर्षी निवृत्ती होती. दम्याने अंथरूण धरलेली आई त्यांच्याजवळ होती.

"घर पाहिल्यावर आता दिवस मोजून नाही राहता येत," मनोहर म्हणाला.

कायद्याप्रमाणे सावध, समजूतदार रुग्णाला उपचार नाकारता येत होता. हेमांगींनी ठरलेले प्रश्न विचारले. आज तारीख कोणती? आपण कुठे आहोत? कण काढल्यावर काय होईल?

मनोहरने तारीख सांगितली, वार सांगितला, पुलाचं नाव सांगितलं. "चार दिवसांनी मुकादम येईन. मी तुमाले ओळखणार नाही. पायाकडे पाहणार नाही, मंग बहुतेक मरन. आन् त्या वेळी मी तुमाले कण परत घाला म्हटलं, नको म्हटलं, शिव्या देल्या, तं ते मी नसन. हे बोलतो ते मी हाव. म्हणून आज सांगतो."

एवढं स्पष्ट संमतीपत्र हेमांगींना उभ्या कारकिर्दीत कुणी दिलं नव्हतं. नकार द्यायचा तर या माणसाला वेडा ठरवावं लागलं असतं, आणि तो वेडा नव्हता. तो वेडा राहू नये म्हणून तर त्यांनी आयुष्य वेचलं होतं.

त्यांनी पेटी उघडली. दंड बधिर केला, लहानशी चीर दिली, चिमट्याने कण ओढून काढला. दोन टाके घातले. मनोहर रस्त्याकडे पाहत होता. "आभारी हाव," तो म्हणाला, चपला घालून लंगडत उन्हात निघाला आणि तीस मीटरांच्या पलीकडे जाऊनही थांबला नाही.

हेमांगींनी हातमोजे काढले. वर पाहिलं तर समोर कुसुमबाई उभ्या होत्या. ब्लाऊजची बाही त्यांनी दंडापर्यंत गुंडाळलेली होती. त्यांच्यामागे एक म्हातारा, त्याच्यामागे दोन बायका, मग आणखी माणसं. रांग पुढच्या खांबापर्यंत गेली होती. कुणी ढकलाढकली करत नव्हतं, कुणी बडबडत नव्हतं, प्रत्येकजण आपली पाळी येण्याची वाट पाहत होता.

खांबावरचा स्पंदक उत्तम काम करत होता.