शेवऱ्यांतली काठी

"ओ झेंडीवाले, जोडे काढा अगोदर. पानमळ्यात फरिश्ता बी जोडे घालून येत नाही."

गौसिया बोलली खरी, पण हातातला विळा तिनं खाली ठेवला नाही. पानवेलींना आधार म्हणून लावलेल्या शेवऱ्यांच्या गर्द सावलीत तो परका माणूस उभा... खांद्यावर चुन्याचे पट्टे ओढलेला बांबू, बांबूच्या टोकाला लाल झेंडी.

"चुकलो," म्हणत त्यानं जोडे काढले. "मले नजीर म्हणतात. रोहिणखेडचा."

"म्या नाव इचारलं काय?"

"नाही. पण उद्या इचारसाल... म्हून आजच सांगून ठेवलं."

तिला हसू आलं, ते तिनं पानांच्या चवडीमागं लपवलं. मग त्यानं बांबू मळ्याच्या मधोमध रोवला, आणि हसू जागच्या जागी वाळलं.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडल्यापासून हुकूम नागपूरहून सुटत. कपाशीच्या गाठी खामगावातून रेल्वेनं जातच होत्या. आता तिथून थेट जालन्यापर्यंत रूळ न्यायचे, म्हणून मोजणीवाल्यांचे तंबू चिखलीच्या वाटेवर पडले होते. झेंडी जिथं, रूळ तिथं, एवढं गावाला कळलेलं. गौसियाचे अब्बा बशीरमिया त्या दिवसापासून घास टाकून मळ्यात जात आणि वेलांना नुसताच हात लावत राहत. अम्मीच्या माघारी बापलेकीनं जगवलेला मळा तो. वाऱ्यानं पानं सळसळली तरी गौसियाला वाटे – आलंच इंजिन.

नजीर रोज यायचा, काठी सरळ आहे का ते बघायला. बघायचा मात्र भलतीकडंच.

"गाडी सुरू झाली का तुले जालना दाखवीन."

"बसू कुठून? माह्या अब्बाच्या मळ्यातून?"

त्याचा चेहरा उतरला. "काठी म्या रोवली, गौसिया. जागा मोजणीच्या साहेबानं ठरवली."

आणि एका दुपारी भीतीनं तिची अक्कलच खाल्ली. साहेब नदीकडं पुलाची जागा बघायला गेला होता. तिनं काठी उपटली, झेंडी चुलीत घातली. पण एवढा बांबू लपवायचा कुठं? एक शेवरी वाळून गेली होती. ती काढून तिच्या जागी तिनं बांबू रोवला, चुन्यावर चिखल फासला, आणि बाजूला लोंबणारा कोवळा वेल लव्हाळ्यानं त्याला बांधून टाकला.

संध्याकाळी नजीर आला. मोकळी जागा बघून त्याचा रंग उडाला.

"माही नोकरी गेली तं गेली... पण साहेब तुह्या अब्बाले कचेरीत नेईन. कुठं हाय काठी?"

कचेरी ऐकताच ती वळली. शेवऱ्यांच्या रांगेत नेऊन तिनं बोट दाखवलं. "घे उपटून."

त्यानं बांबूला हात घातला. तेवढ्यात त्याला वेल दिसला, गाठ दिसली... आणि गच्च मिटलेले तिचे डोळे.

"हे काऊन बांधलं?"

"हाताची सवय. आता ते काठी नाही, शेवरी हाय. वेल धरलेली शेवरी आमच्यात कोणी उपटत नाही." ती बाजूला झाली. "तू उपट. तू कुठं मळेवाला हायेस."

नजीरनं हात काढून घेतला. बांधावरचा नवा बांबू तोडला, तंबूतून चुना आणि झेंडी आणली, आणि होती त्याच जागी काठी उभी केली.

"खूण तिथंच राहीन," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "मी खोटी जागा नाही दाखवणार. रूळ आले तं इथूनच जातीन."

तिनं वेलाची गाठ पुन्हा घट्ट केली.

"रोहिणखेडले मायचं वावर हाय," तो अडखळला. "विहिरीले पाणी हाय. रूळ यायच्या आंधी तुमचे वेल तिथं लावले तं... जगतीन?"

"जगतीन. पण मळ्याचं बेणं आमी परक्याच्या हाती देत नाही."

"मंग मले परका काऊन ठेवतं?"

गौसियानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. पलीकडं विहिरीच्या काठावर बशीरमिया पाठमोरे बसले होते.

"हे अब्बाले इचार."

"भेव लागते."

"साहेबाचं नाही लागत?"

"त्याचं नाही. तुह्या अब्बाचं."

"मलेबी लागते," ती म्हणाली, आणि विहिरीकडं त्याच्याआधी चालू लागली. "चाल, दोघं जाऊ."