उजेड डाव्या हाताकडून

आमच्या धंद्याला लोक दलाली म्हणतात आणि तोंड वाकडं करतात. करोत बापडे. अलिबागपासून काशीदपर्यंत ज्या ज्या वाडीत आज मुंबईकराचा पोहण्याचा तलाव आहे, तिथे मधे कुणीतरी माझ्यासारखा होताच. फरक इतकाच की बाकीचे घाई करतात. कुंपणं तोडतात, दारू पिऊन दमदाटी करतात, भावाभावांत लावून देतात. मग पोलीस, कोर्ट, बोंबाबोंब. मी चौलचा यज्ञेश्वर, आजवर कुणाच्या कुंपणाची काठीसुद्धा हलवली नाही. दयाबिया काही नाही त्यात. ज्या गावात उद्या पुन्हा जायचंय तिथे आरडाओरडा परवडत नाही, एवढंच.

माझी पद्धत ठरलेली होती. मालक म्हातारा आणि मुलंबाळं लांब, अशी वाडी हेरायची. आधी गडी पाठवून पडलेल्या झावळ्या उचलायच्या. नारळीखाली झावळी तशीच पडून राहिली की मालकाला आपलं वय आठवतं, आणि कुणी उचलली की तो माणूस आठवतो. मग झाडांना पाणी. मग घरचं ताक, ताजी भाजी, खाणारे असतील तर मासे. पुतण्याला फोन करायची गरजच उरू द्यायची नाही. भांडण न लावता नाती आपोआप सुकतात. दुसरं गिऱ्हाईक वाडी बघायला आलं तर पाहुण्यांच्या पाण्यात मूठभर मीठ. विहिरीत नाही, घागरीत. विहीर नासवली तर उद्या ती आपल्याच गळ्यात.

आणि माणूस जगवायचा. ताप आला तर डॉक्टर, पाय घसरला तर हाडवैद्य. सहीआधी मालक गेला की सातबाऱ्यावर वारसांची जत्रा भरते. सगळ्यात शेवटी डोळे. मोतीबिंदू असतोच. आपल्या गाडीने नेऊन उजवा डोळा करून द्यायचा. सहीला एक पुरतो, दुसरा सवडीने. कारण मसुदा त्याने स्वतः वाचला पाहिजे. वाचून दाखवलेला कागद पुढे कोर्टात उलटतो, आपल्या डोळ्यांनी वाचलेला उलटत नाही. त्या दिवशी टेबल खिडकीशी सरकवायचं, उजेड डाव्या हाताकडून घ्यायचा, म्हणजे सही करताना हाताची सावली कागदावर पडत नाही. घाई कधीच करायची नाही. फक्त मालक मुलाकडे राहायला निघालाय असं कळलं, तर त्याने उंबरा ओलांडायच्या आत उरकून घ्यायचं. आजवर मला कुणी नाही म्हटलं नाही. एवढं करून घेतल्यावर माणसाला नाही म्हणायची लाज वाटते. आमची सगळी कमाई त्या लाजेवर.

नीराबाईची वाडी चौलहून रेवदंड्याकडे जाताना लागते. नारळ, सुपारी, मधे कौलारू घर, मागे पायऱ्यांची विहीर. म्हातारी एकटीच राहायची. सगळं गोड मानून घ्यायची, पण डोळ्यांचं नाव काढलं की हात झटकायची. दोन्ही डोळ्यांत सारवणासारखा पडदा आलेला, भिंतीला हात लावून चालायची, तरी नको म्हणे. मी महिनोन्‌महिने पाठ धरली. शेवटी एकदा पडली, तेव्हा दवाखान्यात आहेसच तर डोळाही करून टाकू म्हणून मी उरकलं. पट्टी सुटली त्याच दिवशी तिने आपण होऊन कागद मागितला. टेबल सरकवायलाही वेळ दिला नाही. दारातच उभी राहून वाचला आणि सही ठोकली. माझी माया पाहून बाई विरघळली, असं मी चारचौघांत सांगत असे.

ही वाडी मी विकली नाही, स्वतःला ठेवली. माझा गडी गुणाजी म्हणाला, जागेवाल्याला, वाडीच्या अदृश्य राखणदाराला, एक नारळ ठेवा. मी म्हटलं, जागा त्याची असेल तर नारळही त्याचेच, मी कोण देणारा? गुणाजी हसला नाही.

बायको श्यामला आणि मी तिथे राहायला आलो. पुढे वल्लरीचं, आमच्या मुलीचं बाळंतपण आलं म्हणून श्यामला पुण्याला गेली. मी एकटा राहिलो आणि खरं सांगायचं तर मजेत राहिलो. सकाळी उठावं तर वाडी लख्ख. झावळ्या कुंपणाशी रचलेल्या, देठ बाहेर आणि पाती आत, अगदी मी गड्यांना शिकवतो तशा. आळी ओली. पडवीत झाकणाखाली ताक, वर कोथिंबीर. गुणाजी सुधारला म्हणायचा, असं मनात म्हणून मी ते पीत होतो.

मग एक दिवस गुणाजीची बायको निरोप घेऊन आली. तो आठवडाभर तापाने पडून होता, वाडीवर फिरकलाही नव्हता.

मी घाबरलो नाही. मला आधी हसूच आलं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. कुणीतरी नवा दलाल माझीच पद्धत माझ्यावर चालवत होता. गुरूची विद्या गुरूला! मला तर थोडा अभिमानही वाटला. बघू तरी कोण चेला आहे, म्हणून मी भरदुपारी पडवीत खुर्ची टाकून बसलो. समोरच्या माडाची झावळी धप्पकन पडली. मी बघत राहिलो. कुणी आलं नाही. तहान लागली म्हणून आत जाऊन पेलाभर पाणी प्यायलो आणि बाहेर आलो. झावळी कुंपणाशी होती, देठ बाहेर, पाती आत. आळ्याभोवतीची माती नुकती भिजवलेली होती. तिच्यावर एकही पाऊल नव्हतं. पंपाला हात लावला तर थंडगार.

शेजाऱ्यांना विचारलं. कुणी काही पाहिलं नव्हतं. त्यातला एक जण म्हणाला, तुमची वाडी छान ठेवलीये हो. तेव्हा प्रथमच ते ताक मी ओतून दिलं. दुसऱ्या दिवशी ताक नव्हतं. त्याऐवजी शहाळं होतं, तासून ठेवलेलं. मला ताक नको असेल तर काय चालेल, याचा कुणीतरी विचार केला होता.

श्यामलाला फोन करून सांगावं असं वाटलं, तेव्हा लक्षात आलं की कितीतरी दिवसांत मी तिला फोनच केलेला नाही. भांडण नव्हतं. गरज पडली नव्हती.

त्यानंतर विहिरीचं झालं. पाणी कुठवर आलंय ते बघायला सकाळी पायऱ्या उतरत होतो. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यातला तर पिकलाय, असं डॉक्टर वर्षभर सांगत होता आणि मी आज-उद्या करत होतो. शेवाळ दिसलं नाही. पाय गेला. डोकं कशावर तरी आपटलं, नाकातोंडात पाणी गेलं, कानात एक मोठा घुमणारा आवाज, आणि मला स्पष्ट कळलं की आपण मरतोय.

शुद्धीवर आलो तेव्हा मी वरच्या पायरीवर बसलेलो होतो. पाठ भिंतीला टेकवलेली. कपडे गळ्यापर्यंत चिंब. चष्मा कठड्यावर होता, काड्या दुमडलेल्या, काचा पुसून कोरड्या केलेल्या.

मी त्या चष्म्याकडे बघत राहिलो आणि माझे दात वाजायला लागले. थंडीने नव्हे. कुणीतरी मला वाचवलं होतं आणि ते का, हे जगात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मीही कुणाला सहीआधी मरू दिलं नव्हतं.

कपडे बदलून मी तसाच रेवसला गेलो. नीराबाई तिथे भाचीच्या घरी राहत होती. ओट्यावर बसून सुका जवळा निवडत होती, बारीक बारीक खडे वेचून बाजूला टाकत. मी करून दिलेल्या डोळ्याने. तिने मान वर केली. मी काही बोलायच्या आधीच तिने विचारलं,

"झावली उचलतो का?"

मी खाली बसलो. कोण आहे तो, म्हणून विचारलं.

"म्हाईत न्हाय. मी कदी बगितला न्हाय. माज्या सासूनंबी न्हाय." तिने सूप बाजूला ठेवलं. "करतो समदं. कायबी कमी पडू देत न्हाय. आनि एक दिस कायतरी वाचाय देतो. सासू सांगायची, वाचलंस की संपलं. ती आंदली मेली, आपल्या मरनानं. मी चौथी शिकलेली. मलाबी आंदलंच र्‍हायाचं व्हतं."

तिने सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"तुमी डोला केलात, भाऊ. मंग मी काय करनार? त्याचा कागद यायच्या आदी तुमचा वाचला."

हीच ती माझी माया पाहून विरघळलेली बाई. इतकी वर्षं मी लोकांच्या ओट्यावर बसून त्यांना गोड बोलून घराबाहेर काढलं, आणि ही अर्धी आंधळी म्हातारी मला दारात उभ्या उभ्या आत बसवून निघून गेली होती. मला रागही आला नाही.

निघताना तिने पाठीवर हात ठेवला. "तुमच्यावर राग न्हाय माजा. तुमी माज्याशी चांगलंच वागलात. त्योबी चांगलाच वागतो."

तो जबरदस्ती का करत नाही, हे मी तिला विचारलं नाही. ते मला कुणाला विचारायची गरज नव्हती.

परत येताना दोन गोष्टी पक्क्या केल्या. डोळा करायचा नाही आणि वाडी फुंकून टाकायची. मिळेल त्याला, मिळेल त्या भावात. ठाण्याचं एक जोडपं लगेच आलं. तरुण माणसं, वाडी बघून हरखली. बाईने हौसेने पडवीतल्या घागरीतलं पाणी घेतलं, एक घोट प्यायली आणि नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानेही पेला तोंडाला लावून खाली ठेवला. कळवतो म्हणाले. गाडी गेल्यावर मी घागरीत ओंजळ बुडवून चाखली. समुद्रासारखं खारट. धावत विहिरीवर गेलो, पोहरा ओढला, प्यायलो.

विहिरीचं पाणी गोड होतं.

काल संध्याकाळी मी पिशवी भरली. श्यामलाला फोन करून सांगितलं, उद्या सकाळी पुण्याला येतोय, वाडीला कुलूप. ती म्हणाली, बरं होईल, नातवाने तुम्हाला अजून पाहिलंच नाही. तिचा आवाज ऐकून मला रडू आलं. फोन ठेवल्यावर पडवीत उभा राहिलो. सगळी वाडी शांत होती, एक पानसुद्धा हलत नव्हतं. मोठ्याने बोलायला नको होतं, हे मला त्या क्षणी कळलं. मालक मुलांकडे निघाला की काय करायचं, हा नियम माझाच.

आज उजाडल्यावर मी डोळे उघडले आणि पडल्या पडल्या छपराकडे बघत राहिलो. कौलांवर कारखान्याचं नाव कोरलेलं असतं. इतके महिने मी या खोलीत झोपतोय, ती अक्षरं मला कधी दिसली नव्हती. आज एकेक अक्षर दिसत होतं.

चष्मा उशाशी होता. काड्या दुमडलेल्या.

मी डावा डोळा झाकला. अक्षरं तशीच ठळक. उजवा झाकला. सगळं धुक्यात गेलं.

सहीला एक पुरतो.

पिशवी दाराशी होती, जशी ठेवली तशी. तिला हात लागलेला नव्हता. फाटक उघडं होतं. रस्त्याने रेवदंड्याची रिक्षा जाताना दिसली. मला कुणीही अडवलेलं नाही, अडवणारही नाही.

पडवीतलं टेबल खिडकीशी सरकवलेलं आहे. खुर्ची थोडी मागे ओढलेली. शहाळं तासून ठेवलंय. आणि विहिरीतून वर काढलेला माणूस मी, रोजच्या झावळ्या, रोजचं पाणी, हा डोळा. पिशवीकडे हात जातो आणि मला लाज वाटते.

मी बसलोय. उजेड डाव्या हाताकडून येतोय. टेबलावर अजून काही नाही.

तो वाचून दाखवणार नाही. वाचायला देईल.