तळघरातली लेव्हलची नळी

हे खरं आहे. पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडा. पण वाचून झाल्यावर पुरावे मागू नका, कारण पुरावा पाहायचा तर धरणगावला जावं लागेल आणि मी स्वतः तिकडे जायचं टाळतोय.

हेमराज माझा सख्खा मावसभाऊ. धरणगावला राहतो, प्लंबिंगची कामं घेतो. थाप मारायला लागला की त्याचे कान लाल होतात, हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. हे सांगताना त्याचे कान पांढरेफटक पडले होते.

भुताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही भर दुपारची आहे. गेल्या वर्षीचा मे महिना. जळगावात पिंप्राळ्याच्या अंगाला असलेली एक कॉलनी. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं.

हेमराजची धाकटी बहीण मोनाली. तिने दीपकशी लग्न केलं ते कुणाला न विचारता. दीपकच्या वडिलांनी, रुपचंद नानांनी, सुनेला उंबरा ओलांडू दिला नाही. दोघं भाड्याच्या खोलीत राहिले. मग एक दिवस नानांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी निरोप धाडला.

"राहायचं तर तळघरात राहा. वरच्या जिन्याला पाय लावायचा नाही."

तळघर म्हणजे नानांचं खताचं जुनं गोदाम. खाली नुसती माती. एवढं ऐकूनही दीपक सामान बांधायला लागला. बापाच्या काळजात माया नाही, लेकाच्या तोंडात शब्द नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

हेमराज मात्र भडकला. "माझी बहीण घाणीच्या वासात राहणार नाही. खालची सगळी लाइन मी टाकतो," म्हणाला आणि सामान घेऊन जळगावला आला.

काम तसं किचकट. रस्त्याची गटार वर, तळघर खाली. सांडपाणी आपोआप बाहेर जाणार कसं? म्हणून त्याने ठरवलं, जिन्याजवळ खड्डा करायचा, त्यात पंप बसवायचा आणि सगळ्या पाइपांना खड्ड्याकडे ढाळ द्यायचा. एकदा वरून काँक्रीट पडलं की चूक सुधारता येत नाही, फोडावीच लागते.

नाना जिन्यात उभे राहून बघत होते.

"पंप कशाला? त्या कोपऱ्यात जमिनीतून नळी आलीय. तिलाच जोड. कितीही घाण सोड, गिळून टाकते."

"कसली नळी आहे नाना ती?"

"जोडायला सांगितलं तुला. चौकशी करायला नाही."

कोपऱ्यात खरंच एक लोखंडी नळी होती. गंजलेली, वीतभर वर आलेली, तोंड उघडं. हेमराजने वाकून पाहिलं. आत काळोख. त्याने खडा टाकला आणि कान लावला...

खडा कुठे पडल्याचा आवाजच आला नाही.

दुपारी नाना वर झोपले. हेमराजने लेव्हलची नळी काढली. बांधकामावर तुम्ही पाहिली असेल, पाणी भरलेली पारदर्शक नळी. एक टोक इथे, दुसरं तिथे. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला थांबतं. माणूस खोटं बोलेल, ही नळी नाही. त्याने एक टोक कोपऱ्याच्या भिंतीतल्या खिळ्याला बांधलं आणि दुसरं हातात धरून जिन्याजवळ उभा राहिला.

पाणी थांबेना.

त्याच्या हातातलं पाणी हळूच वर आलं... मग खाली गेलं... परत वर आलं.

नळीत हवा असेल. त्याने सगळे बुडबुडे झटकून काढले. पुन्हा धरली.

वर... खाली... वर...

झोपलेल्या माणसाचं पोट हलतं ना, तसं. हेमराजच्या पाठीवर घाम होता आणि तो आता गार लागत होता.

तो बाहेर अंगणात आला. शेजारच्या झुंबरबाई कंपाउंडच्या भिंतीपाशी उभ्या होत्या. जणू त्याचीच वाट बघत.

"भाऊ, त्या कोपराले हात नको लाऊ," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तठे हिर व्हती. बुजाडी तवय तिले श्वास लेवाले नळी ठेयेल शे."

विहीर बुजवताना तिला श्वासापुरती नळी ठेवायची, ही पद्धत हेमराजने ऐकली होती.

"मंग बुजाडी कसाले, अक्का?"

"बठ्ठास्ले माहीत शे. पन कोनीच बोलत नही."

सगळ्यांना माहीत असलेलं ते काय, हे न सांगताच त्या आत गेल्या आणि दाराला कडी लावली.

आता तुम्ही म्हणाल, शहाण्या माणसाने काम सोडून यावं. पण प्लंबरचा एक नियम असतो. राहत्या घरात पाइपाचं तोंड उघडं ठेवायचं नाही. उंदीर येतात, झुरळं येतात, वास येतो. हेमराजला ते सहनच होत नाही. विहिरीत घाण सोडायची नाही, हे त्याने झुंबरबाईंचं ऐकलं. पण नळी उघडी ठेवायची, हे काही त्याच्या हाताला पटेना. त्याने तोंडावर टोपण ठोकलं, वरून सिमेंट मारलं.

आणि लेव्हलच्या नळीतलं पाणी थांबलं.

एकदम. दोन्हीकडे सारखं.

"गप बसली," हेमराज स्वतःशीच म्हणाला आणि हसला. पुढे काँक्रीट पडलं, फरशी बसली, मोनालीने दारात रांगोळी काढली. फार खूश होती पोरगी.

तिचा फोन आला तो असाच दुपारी.

"भाऊ, न्हानीनी जाळीमा पानी ऱ्हात नही."

न्हाणीच्या जाळीखाली वाटीभर पाणी कायम साचून असतं. तेच खालची घाण हवा अडवतं. हेमराज म्हणाला, तांब्याभर पाणी ओत, भरेल.

"ओतस ना. मी टाकस, अन् कोनीतरी पी जास." ती जरा थांबली. "आवाज येस भाऊ. घुटका लेवाना."

त्याने तिला उडवून लावलं. मग दीपकचा फोन. मोनालीला दुपारी धाप लागते. डॉक्टर म्हणतात छाती साफ आहे. पण दुपार झाली की ती न्हाणीच्या दाराशी जाऊन बसते, आणि तिचा श्वास नुसता बाहेर जातो... आत यायला फार वेळ लागतो.

आता हेमराजच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याने एकीचा श्वास बंद केला होता. ती दुसरीचा घेत होती.

तो घण घेऊनच जळगावला पोचला. नाना दारात आडवे आले.

"माझ्या घराचा तळ फोडायचा नाही!"

"बहीण मरते माझी, नाना!"

"मग मरू दे! घाण सोड म्हटलं होतं तुला. घाण असली की खालची ती वर येत नाही. तू स्वच्छ ठेवलंस!"

एवढं बोलले आणि स्वतःच दचकले. तेव्हा कधी नव्हे तो दीपक पुढे आला. बापाला बाजूला केलं, घण उचलला आणि कोपरा फोडायला लागला.

टोपण जागेवरच होतं. हेमराजने ते उपटलं आणि मागे सरकला.

काहीच झालं नाही.

त्याने उदबत्ती लावून नळीच्या तोंडावर धरली. धूर सरळ वर गेला. लेव्हलची नळी लावली. कोपऱ्याकडचं पाणी ढिम्म हललं नाही. लोखंडी नळी मोकळी होती, आणि तिथे आता कुणी नव्हतं.

मागे न्हाणीच्या दाराशी पडलेली मोनाली उठून बसली. किती दिवसांनी तिने पोटभर श्वास घेतला. हेमराज लहान मुलासारखा रडला. त्याच दिवशी तो तिला आणि दीपकला धरणगावला घेऊन आला. तळघराला कुलूप लागलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

मागच्या महिन्यात हेमराज स्वतःच्या अंगणात मोरीसाठी ढाळ काढत होता. मी ओट्यावर चहा पीत होतो. दुपारच होती. मोनाली तांदूळ निवडत बसली होती, तिच्याजवळच्या खुंटीला त्याने लेव्हलच्या नळीचं टोक अडकवलं आणि दुसरं घेऊन लांब गेला.

तो तिथेच थिजला. मी उठून त्याच्याजवळ गेलो आणि नळीत पाहिलं.

वर... खाली... वर...

मी मोनालीकडे पाहिलं. तिची छाती हलत होती. पाण्याबरोबर. तंतोतंत.

तिने सूप खाली ठेवलं. आमच्याकडे बघून हसली. आवाज तिचाच होता, पण खूप खालून आल्यासारखा.

"भाऊ," ती म्हणाली, "आते मले नको बुजाडू."