कोरी प्लेट

दर सोमवारी सकाळी साडेदहाला मी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात जाते आणि आठ जणांचे हात मागते.

“आल्या जंतूबाई,” मुख्य आचारी पातेल्यातून नजर न काढता म्हणतो. “ज्यांनी हात धुतले असतील त्यांनी पुढे व्हा. नसतील त्यांनी देवाचं नाव घेऊन पुढे व्हा.”

मला धुतलेलेच हात हवे असतात. प्रत्येक जण उजव्या हाताची पाचही बोटं एका छोट्या गोल प्लेटवर हलकेच टेकवतो. प्लेटमध्ये अगरचा पारदर्शक थर असतो, घट्ट जेलीसारखा. ते जंतूंचं अन्न. दोन दिवस या प्लेट्स इन्क्युबेटरमध्ये, अंगाच्या उबेएवढ्या तापमानात राहतात. बुधवारी झाकण उघडलं, की जिथे बोट टेकलं तिथे जंतूंच्या वसाहती ठिपक्याठिपक्यांनी उगवलेल्या दिसतात.

दोन वर्षांत मी या आठ जणांना चेहऱ्याइतकीच प्लेटवरून ओळखू लागले आहे. भाजी चिरणाऱ्या मावशींच्या अंगठ्यापाशी कायम एक लिंबाच्या रंगाचा ठिपका. आचारीकाकांच्या वसाहती पांढऱ्या आणि ठसठशीत, त्यांच्या आवाजासारख्या. यात घाबरण्यासारखं काही नाही. जिवंत माणसाचा हात कितीही घासला तरी पूर्ण मोकळा होत नाही. आपण एकटे कधीच नसतो, असं मी कॉलेजमधून नुकती बाहेर पडले तेव्हा सगळ्यांना सांगत सुटायचे. आता विचारलं तरच सांगते.

आठ हातांच्या आठ प्लेट्स, आणि नववी कोरी. नवव्या प्लेटला कोणी हात लावायचा नाही. ती बाकीच्यांबरोबर तयार होते, त्यांच्याबरोबर उबेत राहते आणि तिच्यावर काहीही उगवता कामा नये. उगवलं, तर माझंच साहित्य अशुद्ध होतं असा अर्थ. थोडक्यात, ती प्लेट माझी परीक्षा घेते.

माझी ताई तेव्हा दुसऱ्या मजल्यावर, प्रसूती विभागात होती. सातवा महिना. रक्तदाब वरखाली होत असल्यामुळे डॉक्टरांनी तिला खाटेवरून उठायचं नाही असं बजावलं होतं. याआधी दोनदा ती अशाच खाटेवरून रिकाम्या हातांनी घरी परतली होती. त्यामुळे या वेळी घरात कोणी नावं सुचवत नव्हतं, कोणी लोकर आणत नव्हतं. भावोजी तर ‘बाळ’ हा शब्दच टाळायचे. फोनवर “रिपोर्ट काय म्हणतात?” एवढंच विचारायचे.

ताईचं जेवण या स्वयंपाकघरातून जात होतं. त्या दिवसांत मी तपासण्या जरा जास्तच करत होते, हे काकांच्या लक्षात आलं होतं.

त्या बुधवारी मी रजिस्टरमध्ये नऊ नंबरपुढे ‘वाढ नाही, ठीक’ असं लिहिलं आणि प्लेट बाजूला सारली. खिडकीतून तिरकं ऊन येत होतं. ते तिच्यावर पडलं तेव्हा मला खळगे दिसले.

पाच होते. बोटांची टोकं टेकवल्यावर अगरमध्ये पडतात तसे, पण प्रत्येक खळगा मसुरीच्या अर्ध्या दाण्याएवढा. मधल्या बोटाचा आणि त्याच्या शेजारच्या अनामिकेचा खळगा वेगळा नव्हता. दोन थेंब जुळावेत तसे ते एकमेकांत मिसळले होते.

मी प्लेट घेऊन खाली गेले.

“काका, कोऱ्या प्लेटला कोणी हात लावला?”

काकांनी आपला पंजा माझ्या तोंडासमोर धरला. “हे बघा. यातलं एक बोट तरी मावेल का तिथे?”

“उंदीर असेल,” मावशी म्हणाल्या.

“मावशी! माझ्या स्वयंपाकघरात उंदीर? तेही जंतूबाईंच्या समोर?”

“असेल म्हटलं हो. आहे कुठे म्हटलं?”

सगळे हसले. मीही हसले.

पुढच्या सोमवारी मी कोऱ्या प्लेटचं झाकण टेपने चारी बाजूंनी बंद केलं आणि टेपवर, अर्धी झाकणावर अर्धी प्लेटवर येईल अशी, सही केली. बुधवारी टेप जशीच्या तशी होती. सहीची रेघ कुठे तुटलेली नव्हती. आत पाच खळगे होते. दोन जोडलेले. या वेळी पूर्ण मसुरीएवढे.

भिंगाखाली त्यांत बोटाच्या ठशाच्या रेषा दिसल्या. म्हणजे हातमोजा नव्हता, कातडी होती. आणि तरीही त्या खळग्यांत एकसुद्धा वसाहत उगवली नव्हती. मी प्लेट आणखी एक दिवस उबेत ठेवून पाहिली. काही नाही. बंद प्लेटमध्ये खळगे कसे पडले, याला मी दहा कारणं शोधली असती. पण जंतूच नसलेला माणसाचा हात? त्याला माझ्याकडे एकही कारण नव्हतं.

त्या संध्याकाळी ताई उशांना टेकून गार खरबुजाच्या फोडी खात बसली होती.

“कसला एवढा विचार चाललाय, छोटे?”

“एका हाताचा. ज्याच्यावर एकही जंतू नाही.”

“तुझाच असेल. दिवसभर धूतच तर असतेस.”

“माझ्या हातावर लाखो आहेत. तुझ्याही. जिवंत माणसाच्या हातावर असतातच.”

ताईने पोटावर हात ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती त्याच्याबद्दल बोलत होती. “आणि याच्या?”

“त्याच्या कुठून असणार? त्याला अजून कोणी भेटलंच नाहीये. पहिले जंतू त्याला तुझ्याकडूनच मिळतील, बाहेर येताना. मग कुशीतून, दुधातून. त्यांच्यावरच पुढे त्याचं पोट चालेल, पचन होईल, आजारांशी लढता येईल. तोवर त्याचा हात अगदी...”

मी थांबले.

“अगदी काय?”

“कोरा,” मी म्हटलं.

ताई हसली आणि तिने शेवटची फोड तोंडात टाकली. “छान शब्द आहे. सध्या एवढंच घशाखाली उतरतं बघ. गार असतं ना.”

मी घरी जाऊन गर्भाच्या वाढीचे तक्ते उघडले. सातव्या महिन्यात बोटांच्या टोकांची रुंदी किती असते, ते पाहिलं. मग तक्ते बंद केले. मी विज्ञानाची पदवी घेतली आहे, असं मी स्वतःला मोठ्याने सांगितलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरी ओशाळल्यासारखं झालं.

तिसऱ्या बुधवारी खळगे आणखी थोडे मोठे होते. वाढ नव्हतीच. नियमाप्रमाणे मी या प्लेट्स उकळून टाकायला हव्या होत्या. का कोण जाणे, तिन्ही एकावर एक रचून प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये ठेवून दिल्या.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला काहीतरी घ्यायला फ्रिज उघडला. वरच्या, म्हणजे याच आठवड्याच्या प्लेटवर, पाचही बोटांच्या खळग्यांत, दवासारखे निळसर राखाडी थेंब उगवले होते.

अंगाच्या उबेत जे वाढलं नाही ते फ्रिजच्या गारव्यात दोन दिवसांत वाढावं, हे मला शिकवलेल्या कुठल्याही गोष्टीत बसत नव्हतं. जणू कोणीतरी मला फक्त ‘काय’ नाही, ‘कुठे’ तेही सांगत होतं.

गारव्यात.

मी एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आखूड काड्या. आणि त्या कोलांट्या खात होत्या.

थंडीत वाढणारा, कोलांट्या खाणारा एक जंतू आम्हाला दुसऱ्या वर्षाला होता. लिस्टेरिया. निरोगी माणसाला तो बहुधा जाणवतही नाही. गर्भार बाईला थोडी कणकण येते, एवढंच. तो तिच्यापाशी थांबत नाही. तिच्या आत जो असतो त्याच्याकडे जातो.

खात्री करून घ्यायला तीन दिवस लागणार होते. आणि पुरावा म्हणून माझ्याकडे काय होतं? कोणीही हात न लावलेली एक प्लेट.

मी जिना उतरून स्वयंपाकघरात गेले.

“काका, न शिजवता, गार असं दुसऱ्या मजल्यावर काय जातं?”

“फळं. चारच्या फेरीत.”

“कापतं कोण?”

“यंत्र. मंगळवारीच दुरुस्तीहून आलं.” माझा चेहरा पाहून त्यांनी हातातला झारा खाली ठेवला. “पण त्याच्या पात्याची तपासणी तुम्हीच केलीत की. स्वच्छ म्हणालात.”

“पात्याची केली. पात्यामागे काय आहे?”

पात्यामागे एक रबरी पट्टी होती. ती काढायला मी कधी सांगितलंच नव्हतं. काकांनी पेचकस आणला, दोन स्क्रू सैल केले आणि पट्टी ओढली. ती नवी नव्हती. दुरुस्तीवाल्याने कुठली तरी जुनीच बसवून दिली होती. तिच्या खाचेत करड्या रंगाचा बुळबुळीत थर होता. गोडसर, कोंदलेल्या फडक्यासारखा वास आला.

मावशींनी तोंडाला पदर लावला.

“लेखी काही आहे तुमच्याकडे?” काकांनी हळूच विचारलं.

“सोमवारपर्यंत नाही.”

“ठीक आहे. फळं बंद. वरून कोणी ओरडलं तर मी बघतो.” मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम बसला. “पण आजची गाडी वर गेली, बाई. दहा मिनिटं झाली.”

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकली होती.

मी जिन्याने धावले.

विभागात चौदा खाटा. फळांची गाडी दाराशीच होती, अर्धी रिकामी.

ताईच्या हातात वाटी होती.

“खाल्लंस?”

“काय झालं तुला? बस तरी आधी.”

“ताई, खाल्लंस का?”

तिने वाटी माझ्यापुढे केली. भरलेली होती. “खाऊ कुठे देतंय? फोड तोंडाशी नेली की लाथ. ठेवली की शांत. पुन्हा उचलली की लाथ.”

“आजच?”

“मंगळवारपासून.” ती ओशाळून हसली. “रोज तशीच वाटी परत पाठवते. तुला मुद्दाम नाही सांगितलं. म्हटलं, ताई खात नाही म्हणून तू त्या काकांवर डाफरशील.”

मी सगळ्या खाटांवरच्या वाट्या गोळा केल्या. सिस्टर माझ्यावर भडकली, मग मी काय म्हणतेय ते ऐकून तिने स्वतः गाडी बाहेर ढकलली आणि डॉक्टरांना बोलावलं. चौदाही जणींचं रक्त तपासणीला गेलं. दोघींना बारीक ताप होता. त्यांना त्याच संध्याकाळी औषध सुरू झालं. सोमवारी पट्टीचा अहवाल आला. मला जे वाटलं होतं तेच त्यात लिहिलेलं होतं. त्या विभागातून त्या महिन्यात एकही बाई रिकाम्या हातांनी घरी गेली नाही.

“पात्यामागे बघायचं सुचलं कसं?” वरिष्ठांनी विचारलं.

“शंका आली,” मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

पुढचे दोन महिने कोऱ्या प्लेटवर दर बुधवारी खळगे उमटत राहिले, थोडे थोडे मोठे होत. तिसऱ्या प्लेटनंतर फ्रिजमध्येही त्यांवर काही उगवलं नाही. काकांनी कधी खोलात जाऊन विचारलं नाही. मी दाराशी दिसले की फक्त म्हणायचे, “ती कोरी काय म्हणते?”

“ठीक म्हणते.”

“मग झालं तर.”

एका गुरुवारी सकाळी ताईला मुलगी झाली. पावणेतीन किलो, आणि आवाज असा की भावोजींना बाहेर बाकावर बसल्याजागी रडू फुटलं. सिस्टरने दुपटं जरा सैल केलं आणि उजवा हात बाहेर काढून दाखवला. मधलं बोट आणि अनामिका टोकापर्यंत जुळलेली होती.

“वर्षभरानं छोटी शस्त्रक्रिया,” डॉक्टर म्हणाले. “काळजीचं काही नाही.”

“सगळे बोटं बघून गप्प होतात,” ताई मला म्हणाली. “तू एकटी हसतेस. काय गं?”

“ओळखीचा हात आहे.”

“चल! तुझ्यावर काहीही गेलेलं नाही.”

तिसऱ्या दिवशी ताईची परवानगी घेऊन मी तो हात एका ताज्या प्लेटवर टेकवला. दोन दिवसांनी पाचही खळग्यांत बारीक पांढऱ्या वसाहती उगवल्या, ताईच्या हातावर असतात तशाच. ती प्लेट मी पुष्कळ वेळ बघत बसले. आता तो हात कोरा राहिला नव्हता. त्याला माणसं भेटली होती.

त्यानंतर दोन बुधवार नववी प्लेट आरशासारखी सपाट निघाली. मला थोडं चुकल्याचुकल्यासारखं झालं, आणि हायसंही वाटलं.

तिसऱ्या बुधवारी मी तिला सवयीने उन्हात तिरकं धरलं. खळगे होते. लहान, मसुरीच्या अर्ध्या दाण्याएवढे, बोटं सगळी सुटी. वाढ नव्हती. मी मोजले, आणि पुन्हा मोजले. दहा भरले.

ताईच्या जुन्या खाटेवर नवी बाई आली आहे आणि तिला जुळं आहे, हे सिस्टरने मला शुक्रवारी सांगितलं. बुधवारी मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मी फक्त अंगठे कुठल्या बाजूला आहेत ते पाहिलं होतं.

दोन्ही हात उजवे होते.