चाळिसावी ओळ

यांचा डबा आणि चष्मा तेवढा आणायचा होता. सकाळचा जप आटोपला आणि अकराच्या सुमारास मी रुग्णालयाच्या तळघरात, यांच्या संगणकाच्या खोलीत पोचले. हे जाऊन महिना झाला होता.

पंख्याची एकसुरी घरघर, तापलेल्या तारांचा वास. टेबलावर डबा, चष्मा आणि एक टाइप केलेला कागद. तिथल्या साहेबांनी पेन पुढे केलं. कागदात लिहिलं होतं की बारा नंबरच्या खाटेवरची बाई दगावली ती यांच्या प्रोग्राममधल्या चुकीमुळे, आणि घरच्यांना हे मान्य आहे.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. गेलेला माणूस उलटून बोलत नाही, म्हणून काय वाटेल ते त्याच्या माथी मारायचं? मी कधी कुणाला वावगं बोलत नाही, पण साहेबांना म्हटलं, आधी चूक दाखवा, मग सही मागा.

दाखवायचं भाऊजींवर आलं. माझे धाकटे दीर, यांच्याच हाताखाली शिकलेले. त्यांनी मान खाली घालूनच सांगितलं. वॉर्डातल्या पडद्यावर प्रत्येक खाटेची जागा ठरलेली. तिथे लिहायचं तर संगणकाला खूण पाठवायची: आधी एस्केप, म्हणजे पुढे आज्ञा येतेय असा इशारा, मग ओळ, मग रकाना. कर्सर, म्हणजे तो लुकलुकणारा चौकोन, नेमका तिथे जाऊन बसतो. धोक्याची सूचना बाराव्या ओळीत, चाळिसाव्या रकान्यात यायची. कुणीतरी आकडे उलटे लिहिले. पडद्याला ओळी चोवीसच, चाळिसावी आणायची कुठून? कर्सर तळाशी अडकला, सूचना तिथेच उमटली आणि तळाच्या ओळीतल्या घड्याळाच्या आकड्यांखाली झाकली गेली, नर्सला काही दिसलंच नाही.

"आणि ते कुणीतरी म्हणजे हे?" मी विचारलं. चपलासुद्धा फरशीच्या रेघेला लावून ठेवणारा माणूस.

"वहिनी, करा ना सही... दादा का आता परत येणार आहे?"

तेवढ्यात पंखा थांबला. समोरच्या संगणकाला कुणाचा हात लागला नव्हता, पण कर्सर हलला. एकेक ओळ सावकाश उतरला, बाराव्या ओळीत थांबला, उजवीकडे सरकला. अक्षरं उमटली: खाट बारा, श्वास मंदावतोय. पुसली. पुन्हा उमटली. ती खाट तर बाई गेल्यापासून रिकामी होती.

"वायर काढ..." साहेब कुजबुजले.

भाऊजींनी वायर उपटली. पडदा काळा झाला, अक्षरं गेली. चौकोन मात्र राहिला. तो खाली उतरू लागला. मी मोजत होते. चोविसावी ओळ ओलांडून तो काचेबाहेर आला, टेबलावरून, त्या कागदावरून सरकत गेला, आणि चाळिसाव्या ओळीला भाऊजींच्या शर्टावर, छातीपाशी, लुकलुकत थांबला.

"मीच बदललं होतं, दादा..." भाऊजी हवेशी बोलावं तसं बोलले. "तू घरी गेल्यावर."

मी कागद फाडला. यांचा दोष नाही असं दुसऱ्या कागदावर लिहून घेतलं, खाली भाऊजींची सही घेतली आणि मगच उठले.

सहा महिने झाले. राग गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? पण दीर म्हणजे लेकासारखा. त्यांच्यासाठी मी एक वेळचं जेवण सोडलंय. देव ऐकेल. दर रविवारी येऊन ते समोर बसतात. शर्ट कुठलाही असो, चौकोन तिथेच असतो, मला एकटीलाच दिसतो.

मागच्या रविवारी मी मनातल्या मनात मोजून पाहिलं. त्याचं लुकलुकणं... मंदावलंय.