चार हजार एकशे ऐंशी मीटर

सातपूरच्या एका कारखान्यात मी गेली बावीस वर्षं मापं तपासतो. पार्ट बरोबर आहे असं मी म्हटलं की तो पुढे जातो, नाही म्हटलं की भंगारात. त्यामुळे माझा स्वभाव खडूस झालाय, असं माझी बायको उज्वला म्हणते. लग्नात गळ्यात पडलेला हार एका बाजूने आखूड असल्याचं मी तिथल्या तिथे सांगितलं होतं, ही गोष्ट ती अजून पाहुण्यांना ऐकवते. ऐकवायची, म्हणजे. सांगायचं इतकंच, की पुढच्या मजकुरातले आकडे तरी खरे धरा. बाकीचं मलाही पटत नाही.

त्र्यंबक रोड सोडून नऊ किलोमीटर आत, बेलपाड्याच्या वरच्या रानात सायकलींचं ट्रेल सेंटर आहे. तिथल्या तीन वाटांपैकी काळी वाट सगळ्यांत अवघड. कातळाच्या पायऱ्या, सुटा मुरूम, एका बाजूला सरळ नाला, आणि मग बांबूच्या बेटातली अंधारी उतरण. चार वर्षांपूर्वी आम्ही काही हौशी लोकांनी ती कुदळ-फावड्याने काढली. फाटकापासून निघते आणि फिरून फाटकाशीच येते. अंतर मोजायचं चाक हातात धरून मी ती तीनदा चाललो होतो. लांबी चार हजार एकशे ऐंशी मीटर.

फाटकाशी बायडाबाईंची चहाची टपरी. आत जाताना आपल्या नंबरचा पितळी बिल्ला तिथल्या फळीवर अडकवायचा, बाहेर आल्यावर काढून घ्यायचा. ही पद्धत मीच कारखान्यातून आणली. दुसरी पद्धत बायडाबाईंची. बांबूच्या तोंडाशी गुडघ्याएवढा, शेंदूर लावलेला दगड होता. गावाची शीव. तिथे सायकलवरून उतरायचं, पाच पावलं चालायचं, मग पुन्हा बसायचं.

"आमचा नवरदेव बी उतरतो तिथं," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "तुमाला काय शिंगं फुटली?"

सगळे उतरायचे. माझी मुलगी स्वानंदी तर हटकून उतरायची, वर दगडाला हात लावून नमस्कार करायची. एकोणीस वर्षांची पोर. राज्याच्या संघात निवड व्हायला काळी वाट पंधरा मिनिटांच्या आत संपवायची होती, आणि तिला लागत होती पंधरा मिनिटं नऊ सेकंद. दगडापाशी उतरून चढायला अकरा सेकंद जायची. मी मोजली होती.

"नको उतरूस. कोण बघतंय?" मी तिला म्हणालो.

"बाबा, मी शब्द दिलाय त्यांना."

"अगं, दगड आहे तो."

"मग दगडाला शब्द दिलाय समज," असं म्हणून ती हसली आणि हेल्मेट घालायला लागली.

मला राग आला. नऊ सेकंदांसाठी पोरीचं वर्ष वाया जाणार, ते एका शेंदरी दगडापायी. गेल्या नोव्हेंबरात एका बुधवारी दुपारी मी सुट्टी टाकली आणि पहार घेऊन एकटाच गेलो. दगड उचकटला, पंधरा पावलं लोटत नेऊन करवंदाच्या जाळीत घातला, खड्डा मुरमाने भरून पायाने दाबला. दगडच नसेल तर उतरायचं कशासाठी? परत निघालो तेव्हा बांबू हलायचे थांबले होते. वारा पडला असेल असं वाटलं. मागे सागाची पानं मात्र सळसळत होती.

गुरुवारी स्वानंदीने चौदा मिनिटं बावन्न सेकंदांत वाट संपवली. मी पेढे आणले.

"बाबा, दगड दिसला नाही," ती म्हणाली. "कुठे गेला कुणास ठाऊक."

"पाण्याने वाहून गेला असेल," मी म्हणालो. पाऊस जाऊन महिना झाला होता.

शुक्रवारी तिला पंधरा मिनिटं वीस सेकंद लागली. शनिवारी सोळा. रविवारी सतरा मिनिटांनंतर बाहेर आली तेव्हा डाव्या गालावर काट्याचे तीन ओरखडे होते.

"वाट लांबलीये, बाबा. बांबूनंतर एक वळण आहे ते आधी नव्हतं."

"वळणं उगवत नाहीत. तू दमतेस आणि बहाणे सांगतेस," मी चारचौघांत तिच्यावर ओरडलो.

सोमवारी मी चाक घेऊन चाललो. चार हजार नऊशे चार मीटर. कारखान्यात जाऊन चाक शंभर मीटरच्या पट्टीवर तपासलं. बिनचूक होतं. मंगळवारी पुन्हा चाललो. पाच हजार एकशे नव्वद.

वळण खरंच होतं. दगड होता त्या जागेनंतर वाट डावीकडे वळून सागांमध्ये शिरत होती. ते साग इतके जुने होते की दोघांच्या कवेत मावले नसते. आमच्या रानात एवढे साग शिल्लक नाहीत. पण मी घाबरलो ते वेगळ्याच गोष्टीने. वळणाच्या बाहेरच्या कडेला दगड उभे रोवले होते, तिरपे, एकमेकांत चार बोटं अंतर ठेवून. तसे फक्त मी रोवतो. मी ते रोवले नव्हते.

तिथे पाखरू नव्हतं. करवंदाच्या काटेरी फांद्या दोन्ही बाजूंनी वाटेकडेच वाढल्या होत्या आणि मी चालत होतो त्या बाजूच्या जास्त पुढे आल्या होत्या. बाहेर आलो तेव्हा माझ्या डाव्या गालावर तीन ओरखडे होते.

बायडाबाईंनी मला चहा दिला नाही. पातेलं पालथं घालून त्या समोर उभ्या राहिल्या.

"शीव कुणी हलवली, साहेब?"

"मला काय माहीत?"

"गाव कुठं संपतं त्याच्यासाठी नाय ती. रानानं कुठं थांबायचं, त्याच्यासाठी हाय." त्यांनी माझ्या गालाकडे पाहिलं. "माजी शेळी गेली काल. वरडती अजून. दिसत नाय."

त्या रात्री मी ठरवलं, शनिवारी कारखान्याला सुट्टी, तेव्हा जाऊन दगड परत लावायचा. रविवारपर्यंत तू रानात जाऊ नकोस, असं मी स्वानंदीला बजावलं. कारण सांगितलं नाही. कारण सांगायला तोंड हवं. रविवारी तिची चाचणी होती. आदल्या दिवशी सराव न करता ती घरी बसेल, असं मी कसं धरून चाललो?

शनिवारी सकाळी मी उठलो तर तिची सायकल जागेवर नव्हती. साडेसातला फाटकाशी पोहोचलो. फळीवर एकच बिल्ला लटकत होता. सतरा नंबर. तिचा.

"किती वाजता गेली?"

"सातला," बायडाबाई म्हणाल्या. माझ्या हातातली पहार त्यांनी पाहिली आणि काय ते समजल्या. "तूच का रं?"

मी मान खाली घातली. आठ वाजले तरी ती आली नाही. मी पहार उचलली.

"थांब!" त्यांनी माझा दंड धरला. "पोर आत हाय. आधी तिला भायेर येऊ दे. मंग लाव दगड."

मी हात झटकला. माझा हिशेब सरळ होता. दगड परत बसला की वाट पूर्वीएवढी होईल, आणि वाट पूर्वीएवढी झाली की पोर दोन मिनिटांत बाहेर येईल. बावीस वर्षं मी असंच करत आलो आहे. माप चुकलं की जिथे चुकलं तिथे दुरुस्त करायचं.

धावत बांबूपर्यंत गेलो. दगड जाळीतून ओढून काढला. हात रक्ताने भरले. पंधरा पावलं लोटत आणायची होती, ती मी मोजली. एकवीस झाली.

खड्डा उकरला.

तेवढ्यात आवाज आला. पायडल मारायचं सोडलं की मागच्या चाकातून येते ती किरकिर. सागांच्या आतून, उतरणीवरून, माझ्या दिशेने येत होती.

"स्वानंदी!"

"बाबा?" अगदी जवळून. वळणाच्या पलीकडून.

मी दगड उभा केला आणि खड्ड्यात सोडला.

किरकिर थांबली.

लांब गेली नाही. विरली नाही. थांबली.

समोर बांबू होते. त्यांच्या पलीकडे आमचे नेहमीचे बारीक साग आणि खाली फाटकाचा पत्रा. वळण नव्हतं. कुठेतरी एक पाखरू ओरडायला लागलं.

दगड मी पुन्हा काढला. त्या दिवशी सहा वेळा काढला आणि सहा वेळा लावला. काहीच झालं नाही. पोलीस आले, वन खात्याचे लोक आले, कुत्री आणली. कुत्री दगडापर्यंत वास घेत गेली आणि तिथे बसली. पाच दिवस नाला उपसला. मी चाक घेऊन चाललो. चार हजार एकशे ऐंशी मीटर. बिनचूक.

उज्वलाला मी सगळं सांगितलं. ती माहेरी गेली. बरोबर केलं तिने. फळीवरचा सतरा नंबरचा बिल्ला मात्र बायडाबाई काढू देत नाहीत. त्या माझ्याशी बोलत नाहीत, पण रोज सकाळी तो पुसतात.

एक गोष्ट मी पोलिसांना दाखवली होती. त्यांना माझ्या मोबाइलवर कोरा नकाशा दिसला. सरावासाठी स्वानंदीचा आणि माझा फोन एका अ‍ॅपने जोडलेला आहे. तिचा वेग आणि तिने कापलेलं अंतर मला दिसतं. तिचा फोन त्याच शनिवारी बंद पडला, असं कंपनीने लेखी कळवलंय. माझ्या फोनवर तो बंद पडलेला नाही. ताशी सोळा किलोमीटर. रात्रंदिवस सोळा. ती कुठे थांबत नाही, दमत नाही. अंतर आज पहाटे सव्वीस हजार किलोमीटरच्या पुढे गेलं.

मी नोकरी सोडली आहे. दिवसभर या दगडाला पाठ टेकून बसतो, हातात फोन धरून. आज सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी वेग पहिल्यांदा कमी झाला. सोळावरून चारवर. चार म्हणजे सायकल हातात धरून चालायचा वेग. मी घड्याळ लावलं.

अकरा सेकंद. मग पुन्हा सोळा.

म्हणजे तिला शीव लागली. ती उतरली, पाच पावलं चालली, नमस्कारही केला असेल. ती शब्द पाळते. पण माझ्या पाठीशी हा दगड आहे, मी पहाटेपासून इथून हललेलो नाही, आणि माझ्या समोरून कोणीही गेलेलं नाही.